घरच्या पुस्तकांची ऑनलाइन सूची : सीमाभागातील वाचकांसाठी नव्या सोयी आणि त्या वापरण्याची रीत

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडच्या मराठी घरातले पुस्तकांचे कपाट उघडले, तर वरच्या फळीवर बहुधा गेल्या दहा-पंधरा वर्षांत घेतलेली, मलपृष्ठावर बारकोड असलेली पुस्तके दिसतात. मधल्या फळीवर कापडी बांधणीच्या जुन्या कादंबऱ्या, कन्नडमधून मराठीत आलेली भाषांतरे आणि शाळा-कॉलेजच्या दिवसांतली थोडी कन्नड व इंग्रजी पुस्तके असतात. सगळ्यांत खाली दिवाळी अंक, संमेलनांच्या स्मरणिका, पोथ्या आणि मुखपृष्ठ हरवलेली, दोऱ्याने बांधून ठेवलेली पुस्तके. ऑनलाइन सूचीच्या संकेतस्थळांवर अलीकडे ज्या सोयी आल्या आहेत, त्यांनी वरच्या फळीचे काम एका संध्याकाळी होते. खालच्या दोन फळ्यांचे काम मात्र अजूनही हातानेच आणि जाणीवपूर्वक करावे लागते, आणि माझ्या मते सूची करण्याचे खरे कारण त्याच दोन फळ्या आहेत. म्हणून पुढचे विवेचन त्यांच्याकडे अधिक झुकलेले आहे.

संकेतस्थळ कोणते निवडावे, यावर फार वेळ घालवू नये. वाचलेल्या पुस्तकांवर मित्रांशी बोलायचे असेल तर गुडरीड्स चालते. स्वतःच्या मालकीच्या प्रतींची नीट नोंद ठेवायची असेल तर लायब्ररीथिंग अधिक सोयीचे आहे, असा माझा अनुभव आहे. टिम स्पाल्डिंग यांनी ते २००५ साली सुरू केले. पूर्वी तेथे दोनशे पुस्तकांपर्यंतच मोफत नोंद करता येत असे, पुढे पैसे भरावे लागत. २०२० पासून ही मर्यादा उठली आहे, त्यामुळे पाचशे-हजार पुस्तकांच्या घरगुती संग्रहालाही एक रुपया खर्च येत नाही. इंटरनेट अर्काइव्हचे ओपन लायब्ररी हे तिसरे ठिकाण. तेथे कोणालाही नव्या पुस्तकाची नोंद घालता येते आणि ती नोंद सगळ्या जगासाठी खुली राहते. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

वरच्या फळीपासून सुरुवात करावी, कारण त्यात हात बसतो. लायब्ररीथिंगचे ॲप मोबाइलवर घेऊन त्यातला कॅमेरा बारकोडवर धरला, की पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला दिलेला ओळख क्रमांक, वाचला जातो आणि शीर्षक, लेखक, प्रकाशक ही माहिती सापडल्यास आपोआप भरली जाते. भारतातील पुस्तकांच्या या क्रमांकात ९७८ नंतर बहुधा ८१ किंवा ९३ येते. १ जानेवारी २००७ पूर्वी हा क्रमांक दहा अंकी होता आणि तो बहुतेक वेळा बारकोडविना, शीर्षकपृष्ठाच्या मागच्या पानावर नुसता छापलेला असतो. तो टंकून शोधावा. शेवटचा अंक कधी कधी रोमन 'एक्स' असतो. ती छपाईची चूक नसून दहा या संख्येसाठी ठरवलेली खूण आहे, म्हणून ती गाळू नये.

येथे दोन ठिकाणी सावध राहावे लागते. पहिले म्हणजे, मासिके आणि दिवाळी अंक यांच्या बारकोडची सुरुवात ९७७ ने होते. हा क्रमांक नियतकालिकाचा असतो, विशिष्ट अंकाचा नव्हे, त्यामुळे त्यावरून अंकाचे वर्ष कळत नाही. दुसरे म्हणजे, स्कॅन केल्यावर जे शीर्षक समोर येते ते हातातल्या पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढचे पुस्तक उचलू नये. कधी आवृत्ती बदलली तरी क्रमांक तोच राहिलेला असतो, कधी पृष्ठसंख्या वेगळी निघते, कधी मराठी नाव रोमन लिपीत मोडूनतोडून आलेले असते. ते तेव्हाच्या तेव्हा देवनागरीत दुरुस्त करावे. शंभर पुस्तके झाल्यावर दुरुस्त करू म्हटले, तर ते राहूनच जाते.

आयएसबीएन नसलेली पुस्तके

आता मधली फळी. आयएसबीएनची पद्धत जगात १९७० च्या सुमारास आली आणि मराठी प्रकाशनांत ती रुळायला पुढे बरीच वर्षे लागली. म्हणून आजोबांच्या पिढीचे कोणतेही पुस्तक स्कॅन करून सापडणार नाही. तरीही लगेच हाताने भरायला बसू नये, कारण आणखी एक दार उघडे आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे नवी दिल्लीतील कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके नियमाने घेत आले आहे, आणि त्यांत मराठी व कन्नड पुस्तके मोठ्या संख्येने आहेत. लायब्ररीथिंगवर पुस्तक जोडताना कोणत्या ग्रंथालयात शोधायचे ते निवडता येते. तेथे लायब्ररी ऑफ काँग्रेस निवडावी.

शोध मात्र आपल्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने लागत नाही, आणि अनेक जण येथेच निराश होऊन थांबतात. त्या ग्रंथालयाचे लिप्यंतर अक्षरागणिक चालते : उच्चारात न येणारा 'अ'सुद्धा लिहिला जातो, 'च'साठी नुसता 'सी' येतो आणि 'श'साठी वर खूण असलेला 'एस' येतो. म्हणून 'देशपांडे' हे नाव 'डी-ई-एस-ए-पी-ए-एन-डी-ई' असे टंकावे लागते, आणि 'कुलकर्णी'मध्ये 'ल'नंतर एक 'ए' घालावा लागतो. 'पुरुषोत्तम'च्या शेवटीही 'ए' येतो. वरच्या-खालच्या खुणा टंकण्याची गरज नाही, साध्या अक्षरांनी शोध लागतो. एकदा ही रीत अंगवळणी पडली, की सापडणारच नाही असे वाटलेल्या पुष्कळ पुस्तकांची प्रकाशनवर्षासह तयार नोंद हाती लागते. ती घेतल्यावर शीर्षक आणि लेखकाचे नाव पुन्हा देवनागरीत लिहावे. रोमन रूप टिपणात ठेवले तरी चालते.

इतके करूनही जे सापडत नाही, ते हाताने भरायचे. त्यासाठी मुखपृष्ठ हा आधार धरू नये. मुखपृष्ठावर चित्रकाराच्या सोयीने शब्द मागेपुढे झालेले असतात. शीर्षकपृष्ठ आणि त्याच्या मागचे पान उघडावे : शीर्षक, उपशीर्षक, लेखक, अनुवादक, प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, मूल्य हे सारे बहुधा तेथे असते. जुन्या पुस्तकांवर सन नसून शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळते. पण महिना दिला असेल आणि तो माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९ मिळवावे, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते. शके १८६० च्या मार्गशीर्षातले पुस्तक १९३८ चे, आणि त्याच शकाच्या माघातले १९३९ चे. नोंदीत इसवी सन लिहून मूळ शक टिपणात ठेवावा.

शीर्षक जसे छापले आहे तसेच लिहावे, हा माझा आग्रह आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले. त्याआधीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं', 'बेळगांव' अशी अनुस्वारयुक्त रूपे सर्रास आहेत. ती 'सुधारून' लिहिली, तर त्या आवृत्तीची ओळखच पुसली जाते. पण आज शोधताना आपण अनुस्वार देत नाही, हेही खरे. म्हणून मूळ रूप शीर्षकात आणि आजचे रूप टॅगमध्ये (नोंदीला जोडायच्या शोधशब्दात) किंवा टिपणात, अशी दोन्ही ठेवावीत.

याहून बारीक आणि अधिक त्रासदायक गोष्ट म्हणजे डोळ्यांना सारखी दिसणारी, पण संगणकाला वेगळी असलेली अक्षरे. माझ्या सूचीत सह्याद्रीतल्या भटकंतीवरचे एक पुस्तक होते, ज्याच्या नावात 'दऱ्याखोऱ्या' हा शब्द आहे. दुकानात उभा राहून मोबाइलवर शोधले, तर सूचीत ते नाहीच असे उत्तर आले, आणि मी दुसरी प्रत घेऊन घरी आलो. पहिली प्रत फळीवरच होती. शोध घेतल्यावर कारण कळले : घरच्या संगणकावर 'ऱ्या' लिहिताना नुक्तायुक्त 'ऱ' वापरला गेला होता, आणि मोबाइलच्या कळफलकावर साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असे मिळून तेच अक्षर तयार होत होते. पडद्यावर दोन्हींत केसाचाही फरक नव्हता. 'ॲ'चेही तसेच आहे. हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतपद्धतीत, २००८ साली आले, त्यामुळे जुन्या टंकनात 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेले 'अ‍ॅकॅडमी' आणि आजचे 'ॲकॅडमी' एकमेकांना ओळखत नाहीत. यावर उपाय असा, की सूचीचे सगळे टंकन एकाच कळफलकाने करावे, आणि अशा शब्दांची नोंद केल्यावर लगेच मोबाइलवरून शोधून पाहावे. न सापडल्यास शोधात वापरलेला शब्दच प्रत करून टिपणात चिकटवून ठेवावा. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेल्या जुन्या याद्या असतील, तर त्या थेट चढवू नयेत. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे, नाहीतर संकेतस्थळावर निव्वळ अर्थहीन अक्षरे उमटतात.

लेखकाचे नाव, भाषांतर आणि गावाचे नाव

मराठीत लेखकाचे नाव ही एक वेगळीच गुंतागुंत आहे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच लेखकाची दोन नावे. कविता एका नावाने, नाटके दुसऱ्या नावाने. पुस्तकावर जे नाव आहे तेच नोंदीत लिहावे आणि दोन्ही नावे जोडण्याचे काम संकेतस्थळाच्या लेखक-जोडणीच्या सोयीवर सोडावे. लायब्ररीथिंगवर लेखकाच्या पानावर ही जोडणी सदस्यांनाच करता येते, आणि एकाने केली की ती सर्वांना मिळते. आद्याक्षरांचेही एक वळण ठरवून घ्यावे. 'जी. ए. कुलकर्णी', 'जी.ए. कुलकर्णी' आणि 'जीए' अशा तीन रूपांत नोंदी झाल्या, तर एकाच लेखकाची पुस्तके तीन ठिकाणी विखुरतात. आद्याक्षरानंतर टिंब आणि मग एक जागा सोडणे, हे वळण मला वाचायला सोयीचे वाटते.

आपल्याकडच्या कपाटांत कन्नडमधून आलेल्या मराठी भाषांतरांना मोठी जागा असते, आणि कित्येक घरांत मूळ कन्नड पुस्तकही शेजारीच असते. नव्या सूचींची एक सुंदर सोय येथे कामी येते : त्या 'कृती' आणि 'आवृत्ती' असा भेद करतात. एस. एल. भैरप्पा यांच्या एखाद्या कादंबरीची मूळ कन्नड प्रत आणि तिचे मराठी भाषांतर या दोन वेगळ्या आवृत्त्या, पण एकच कृती, असे जोडता येते. अनुवादकाचे नाव 'इतर लेखक' या रकान्यात, 'अनुवादक' अशी भूमिका निवडून लिहावे. ते टिपणात दडवू नये, कारण अनुवादकाच्या नावाने शोधणारे वाचक असतात. मात्र 'रूपांतर' किंवा 'आधारित' असे छापलेले पुस्तक मूळ कृतीशी जोडू नये. पात्रे, गावे आणि शेवट बदललेले नाटक हे स्वतंत्र पुस्तक आहे. कन्नड पुस्तकाचे शीर्षक कन्नड लिपीतच लिहावे. घरातल्या मुलांना शाळेमुळे ती लिपी येते, त्यांना हे काम द्यावे, आणि त्याचे देवनागरी रूप टिपणात घालावे. भाषेच्या रकान्यात मराठी, कन्नड, कोकणी यांची निवड न चुकता करावी. मग 'फक्त कन्नड' अशी यादी एका क्षणात निघते.

प्रकाशनस्थळाबाबतही पुस्तकावर जे आहे तेच लिहावे. 'बेळगांव', 'बेळगाव', इंग्रजी पुस्तकांवरचे 'बेलगाम' आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत झालेले 'बेळगावी' ही चारही रूपे एका कपाटात भेटतात. स्थळाचा रकाना आवृत्तीशी प्रामाणिक ठेवावा आणि त्या सगळ्यांना 'बेळगाव' हा एकच टॅग द्यावा, म्हणजे आपल्या गावात छापलेली पुस्तके एकत्र दिसतात.

तळाची फळी

कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून होणाऱ्या ग्रामीण साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, वाचनालयांचे अहवाल, नाट्यमंडळांच्या पुस्तिका, एखाद्या शिक्षकाने स्वखर्चाने छापलेला कवितासंग्रह, हे साहित्य थोड्याच प्रतींत छापले जाते आणि मोठ्या ग्रंथालयांच्या सूचीत क्वचितच पोचते. तुमच्या घरातली प्रत ही कदाचित उरलेल्या चार-दोन प्रतींपैकी एक असेल. म्हणून या फळीवर घाई करू नये. मुखपृष्ठाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढून चढवावे. पृष्ठसंख्या मोजून लिहावी. मुखपृष्ठ नसेल तर तसे स्पष्ट नमूद करावे. संपादकांची नावे आणि ज्यांचे लेख आहेत त्यांची नावे टिपणात घालावीत, कारण उद्या कोणी त्या लेखकाचा शोध घेतला तर तो येथेच लागेल.

स्मरणिकांच्या आणि भाषणपुस्तिकांच्या बाबतीत वर्ष शीर्षकातच घालावे. मराठी साहित्य संमेलन बेळगावात तीनदा भरले : १९२९ साली शि. म. परांजपे, १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर आणि २००० साली य. दि. फडके अध्यक्ष होते. 'बेळगाव साहित्य संमेलन' एवढीच नोंद केली, तर हातात नेमके काय आहे ते कळत नाही. त्यांतले १९४६ चे संमेलन तर संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावाचे. त्या काळातला एखादा चार पानी कागद जरी घरात निघाला, तरी त्याची स्वतंत्र नोंद व्हायला हवी. दिवाळी अंकांची प्रत्येक अंकासाठी वेगळी नोंद करावी : नियतकालिकाचे नाव, मग 'दिवाळी अंक', मग वर्ष, याच क्रमाने, म्हणजे एकाच नावाचे अंक सूचीत वर्षानुसार ओळीने लागतात.

अशा दुर्मिळ पुस्तकांची नोंद ओपन लायब्ररीवरही घालावी, ही माझी मनापासून विनंती आहे. खाजगी सूचीतली नोंद आपल्या उपयोगाची, तेथली नोंद पुण्यातल्या किंवा धारवाडच्या अभ्यासकाच्याही उपयोगाची. नोंद आणि मुखपृष्ठापर्यंतच थांबावे. आतली पाने स्कॅन करून चढवू नयेत, कारण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो.

मांडणी, उसनवारी आणि प्रत राखणे

संग्रहांचे विभाग आणि टॅग यांत गोंधळ होतो, म्हणून मी एक साधा नियम पाळतो : पुस्तक कोठे आहे आणि कोणाचे आहे ते विभागात, पुस्तक कशाबद्दल आहे ते टॅगमध्ये. 'शहापूरचे घर', 'आईची पुस्तके', 'घ्यायची आहेत' हे विभाग. 'इतिहास', 'नाटक', 'सीमाप्रश्न', 'पाककृती' हे टॅग. घ्यायच्या पुस्तकांचा विभाग मालकीच्या पुस्तकांपासून वेगळा ठेवावा, नाहीतर एकूण संख्या फुगते. ग्रंथालयांत विषयवार मांडणीसाठी वापरला जाणारा ड्यूई वर्गांक वापरायचा असेल तर मराठी साहित्यासाठी ८९१.४६ आणि कन्नड साहित्यासाठी ८९४.८१४ एवढे दोन लक्षात ठेवले तरी घरगुती संग्रहाला पुरते.

उसने दिलेल्या पुस्तकांची नोंद ठेवण्याची सोय आता लायब्ररीथिंगवर आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून वापरावी. आपली पुस्तके शेजारच्या काकूंकडून मावशीकडे, तेथून कोल्हापूरला आणि मग कोणाकडे जातात ते कळतही नाही. पुस्तक हातात देतानाच, समोरच्या माणसासमोर, मोबाइलवर नाव आणि तारीख लिहावी. कोणाला त्यात वावगे वाटत नाही, उलट पुस्तक परत येण्याची शक्यता वाढते. घेणाऱ्याचे पूर्ण नाव, पुस्तकाची किंमत, ते कोणाकडून वारशाने आले हा तपशील मात्र सार्वजनिक रकान्यात लिहू नये. त्यासाठी खाजगी टिपणाचा रकाना आहे, आणि हवे तर संपूर्ण खातेच खाजगी ठेवता येते.

पावसाळ्यात हे काम काढू नये. खानापूरच्या बाजूला तर त्या दिवसांत पाने हाताला ओली लागतात आणि जुने पुस्तक उघडले की शिवण सुटते. दसऱ्यानंतर ऊन पडू लागले, की एकेक फळी रिकामी करावी, कोरड्या फडक्याने पुसावी, कसर लागलेली पुस्तके बाजूला ठेवावीत आणि नोंद करतच परत लावावीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात पूर आला तेव्हा अनेक घरांत पाणी शिरले. भिजून गेलेल्या पुस्तकांची यादी जवळ नसेल, तर काय गेले तेही सांगता येत नाही.

म्हणून दर तीन-चार महिन्यांनी सूची संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. उतरवलेली फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर देवनागरीच्या जागी विचित्र चिन्हे दिसू शकतात. फाइल बिघडलेली नसते, केवळ लिपीचा संकेत चुकीचा धरला गेलेला असतो. तशीच जतन मात्र करू नये, कारण मग ती खरोखरच बिघडते. लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडावा, सगळे मराठी आणि कन्नड जागच्या जागी दिसते. एक प्रत ईमेलवर स्वतःला पाठवावी, एक पेन ड्राइव्हवर ठेवावी आणि वर्षातून एकदा छापून कपाटाच्या दारामागे अडकवावी. त्या यादीतला दाखल क्रमांक प्रत्येक पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने लिहावा. शाई वापरू नये, ती जुन्या कागदात पलीकडे उतरते.